ग्रहणातली भाजी

खारबाव स्टेशनच्या बाकावर एक म्हातारी चाकाच्या खुर्चीतल्या मुलीकडे बघत तिच्या आईला विचारत होती.

"जन्मापासून अशीच? ग्रहणात भाजी चिरली असशील."

"न्हाय आजी. सासूनं दिवसभर अंधारात बसवलेली, पाणीपण दिलं न्हाय. धाकटीच्या वेळी मात्र मी ग्रहणात मासेसुद्धा कापले. ती बघा, पळतेय."

"मग हिला झालं काय?"

"सेरेब्रल पाल्सी. मेंदूला इजा झालेली, म्हणून हातपाय नि जीभ लवकर ऐकत न्हाय."

"कळतं का काय तिला?"

"सगळं कळतं. तिलाच विचारा, फक्त थांबावं लागतं."

"काय गं बाय, नाव काय तुझं?"

"रू... रूपा. तु... तुमचं?"

"माझं? येसू. बाय, नातवंडं झाल्यापास्नं माझं नाव कुणी विचारलंच न्हवतं."