इंजिनात माझी साडी

माझ्या सख्ख्या दिराने, प्रकाशने, मला फसवलं. हे पहिलं लिहा, मग माझं नाव लिहा. नाव यशोदा. माहेर साखरतर. बापूस दर्यावर गेला तो आलाच नाही, म्हणून आवशीच्या मागून मी डोक्यावर टोपली घेऊन रत्नागिरीच्या आळ्या फिरले, दारोदार बांगडे विकले. घासाघीस मला कुणी शिकवली नाही. बंदरावर लिलाव लागला की पुरुष आवाज चढवायचे, मी गप्प राहायचे, आणि शेवटी अशी एक शिवी घालायचे की समोरचा हसून भाव सोडायचा. त्या तोंडावर आम्ही बोट केली, पर्यटकांना भाट्याच्या खाडीतून बाहेर नेऊन डॉल्फिन दाखवायची. बोट चालवायचे आमचे हे, गिऱ्हाईक आणायची मी, आणि इंजिनं बघायचा प्रकाश, तो ते काम शिकलेला आणि घरचाच, मग परका कशाला.

इंजिनं दोन. एक चालवायचं आणि एक जास्तीचं, बोटीच्या मागे शेजारीच अडकवलेलं, पहिलं बंद पडलं तर दुसऱ्याने किनारा गाठायचा. तपासणीला साहेब येतात ते लांबूनच बघतात, दोन आहेत ना, झालं. मी मात्र विचारायची, प्रकाश, जास्तीचं बघितलंस काय रे, तर म्हणायचा, वयनी, एका झटक्यात चालू होतंय, तू तुझी गिऱ्हाइकं बघ. त्याच दिवसांत माझी हिरव्या चौकडीची साडी वाळत घातलेली चोरीला गेली. मी शेजारणीला धरलं, तिच्या सात पिढ्या काढल्या, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. हे मध्येच का सांगते ते कळेल तुम्हाला.

तर काय सांगू, सांगलीकडचं कुटुंब होतं, नवरा-बायको, दोन मुली आणि त्याची म्हातारी आई. डॉल्फिन दिसले, मुली खूश, परत फिरलो. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी बाहेर येत होतं आणि समोरून लाटा, ती जागा आधीच वाईट, आणि नेमका तिथेच फाटक्या जाळ्याचा तुकडा इंजिनाच्या पंख्यात गुंतला. इंजिन गुरगुरलं आणि बंद. बोट लाटांना आडवी झाली. पहिल्या लाटेने म्हातारीला बाकावरून उचलून तळाशी आपटलं, दुसरीने आम्हाला काळ्या खडकांकडे ढकललं. सांगलीवाल्याने ह्यांचा गळाच धरला, आम्हाला मारायला आणलंस काय म्हणून. मी वल्हं घेतलं आणि त्याच्या पाठीत घातलं. बस खाली आणि पोरी धर, म्हटलं. बसला.

हे ओरडले, दुसरं ओढ. मी दुसऱ्या इंजिनाची दोरी धरून जीव खाऊन ओढली, तर दोरी अशी आली, जशी बिनपोहऱ्याची विहिरीतून यावी, काही वजनच नाही, मी मागच्या मागे पडले. परत ओढली, तेच. झाकण उपटून काढलं तर आत अर्धं इंजिनच नव्हतं, प्लग नाहीत, कार्बोरेटर नाही, आणि भोकांत फडकी कोंबलेली. हिरवी चौकडी. माझी साडी हो, माझी साडी फाडून कोंबली होती त्याने.

तेवढ्यात खडक आला. हे बांबू लावून बोट लांब सारत होते, बांबू मोडला, तोल गेला, आणि बोट आणि खडक यांच्यामध्ये ह्यांचा उजवा हात सापडला. मोडल्याचा आवाज आला तो बांबूचा की हाताचा, मला त्या वेळी कळलं नाही. एका मच्छीमार बोटीने दोर फेकून आम्हाला ओढून काढलं. ज्या माणसाला मी मारलं त्यानेच आपला टॉवेल ह्यांच्या हाताला गुंडाळला, धक्क्यापर्यंत दाबून धरला.

आणि धक्क्यावर प्रकाश उभा. वल्हं हातात होतंच. पहिला घाव डोक्यात, दुसरा खांद्यावर, तिसऱ्याला लोकांनी मला धरलं. रक्त पुसत म्हणतो, वयनी, पार्ट सासऱ्याच्या बोटीला लावलेत गो, चार दिवसांनी आणणारच होतो.

ह्यांची दोन बोटं काढली, उरलेली वळत नाहीत. जाळं शिवणारा माणूस, आता भात मी कालवून देते तेव्हा जेवतो, डाव्या हाताने, कुणी बघत नसेल तर.

आणि गावकीने देवळात बोलावलं कुणाला? मला. दिरावर हात उचललास, बाईमाणसाने, उत्तर दे. मी दिलं. मारलं, डोकं फोडलं, काय दंड असेल तो सांगा. मग पदरातून ते फडकं काढून मधोमध ठेवलं आणि म्हटलं, आता ह्याचं विचारा. म्हणतात, यशोदा, हे घरातलं आहे, घरात मिटव. त्याचं डोकं गावचं आणि ह्यांचा हात तेवढा घरातला?

पुढच्या बैठकीला मी परत जाणार आहे, ह्यांना घेऊन, हात उघडा ठेवून. फडकं मी धुतलेलं नाही, ग्रीस तसंच आहे. प्रकाशने ते हातात धरावं, भावासमोर उभं राहावं, मग मी विचारीन, प्रकाश, बोट रोज खाडीबाहेर जात होती तेव्हा तू रोज माझ्या तोंडावर कसं म्हणालास की इंजिन चालू होतंय. मी उत्तर दिलं. आता तू दे.