स्टेशनच्या पाटीवरचं स्पेलिंग

नरखेडहून नागपूरला येणाऱ्या एसटीत माझ्या मागे बागवान नत्थूजी आणि लॅपटॉप उघडून बसलेली त्यांची पुतणी मयुरा.

“बारा वाजता व्यापारी आपल्या साइटवर संत्री पाहणार हाय. काहून उघडत नाही वं? तू तं म्हणे हलका सर्व्हर हाय, साइट पटकन उघडते.”

“हलकाच हाय, काकाजी. पण त्याच्या सेटिंगमधी साइटचं नाव बरोबर लिहा लागते. नरखेडचं स्पेलिंग कुठून सांगतलं मले?”

“स्टेशनच्या पाटीवरून.”

“तिथं शेवटी आर हाय. आपल्या साइटच्या नावात डी हाय.”

“मंग बदल नं.”

“बदललं. पाहा आता.”

“आली वं, आपली बाग आली.”

“व्यापाऱ्याले मेसेज टाकू?”

“थांब. पहिले मले पाहू दे.”