मागचे चाक काढणारा इसम

मी, खाली सही करणारी, वसाहतीत थोरल्या सिस्टर म्हणून ओळखली जाते. वय ५३ वर्षे, धंदा नोकरी (घरोघर जाऊन मलमपट्टी करणे व इंजेक्शने देणे), राहणार दवाखान्यामागची कर्मचारी वसाहत, दुसरा मजला. ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगते ते असे की,

मी वरील ठिकाणी पतीसह राहते. पती ग्रंथपाल आहेत. आम्हांला एक मुलगी असून ती सासरी, येथून गाडीने तीन तासांच्या अंतरावर राहते. तिचे दिवस भरत आले असल्याने मी उद्यापासून दोन महिने रजा घेऊन तिच्याकडे जाणार आहे. माझ्या मालकीची एक काळी लेडीज सायकल आहे. ती मी एकोणीस वर्षे कामासाठी वापरते व तिची दुरुस्ती स्वतः करते. पतींना सायकल चालवता येते. त्यापलीकडे त्यांचा तिच्याशी संबंध नाही.

आज सकाळी ०८.०० वा. पती "पुस्तकांची मोजदाद आहे, उशीर होईल" असे सांगून घरातून गेले. मी ०८.३० वा. चे सुमारास समोरच्या इमारतीत एका आजोबांच्या पायाची पट्टी बदलण्यास चालत गेले. सायकल जिन्याखाली होती. ०९.१० वा. आमच्या तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "सिस्टर, कोणीतरी तुमच्या सायकलचं मागचं चाक काढतंय. मी खिडकीतून बघते आहे. तुम्ही आधी पोलिसांना कळवा." मी आजोबांची पट्टी पुरी केली, कारण ती अर्धवट सोडता येत नाही, आणि ठाण्यात फोन केला. इसमाचे वर्णन विचारले असता बाईंनी सांगितले तेच मी सांगितले: जिन्याशी लाल रंगाची छोटी मोटार उभी, अंगात निळा डगला, डोक्यावर टोपी, अंगाने किरकोळ, पाना उलटा धरलेला. पाना उलटा धरलेला, हे ऐकून मला तेव्हाच काहीतरी लक्षात यायला हवे होते. आले नाही.

०९.५० वा. चौकात लाल रंगाची छोटी मोटार अडवल्याचे व मला ओळख पटवण्यासाठी बोलावल्याचे कळले. मी १०.०५ वा. आले. बाकावर माझे पती बसलेले होते. चाक त्यांच्या मांडीवर होते. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे होते व चष्म्याच्या एका काचेवर अंगठ्याचा ठसा होता. शेजारी माझा धाकटा भाऊ बसून भिंतीवरचे कॅलेंडर वाचत होता. मोटार व डगला त्याचा आहे. बाकीची सायकल बाहेर मोटारीतच होती. या इसमांना ओळखता काय, असे विचारले असता मी हो म्हणाले. नाते विचारले असता तेही सांगितले. त्यावर ठाणे अंमलदारांनी लेखणी खाली ठेवली.

मी पतींना विचारले, "सायकल कुठं नेत होतात?" ते म्हणाले, "तू आधी बस." मी बसले नाही. मागच्या महिन्यात माझा गुडघा सुजला होता. तेव्हा पती म्हणाले होते, की आता सायकल काढून टाकू, कोणी घेणारं बघू. ते मला आठवले. मी म्हणाले, "कोणी घेणारा मिळाला वाटतं?" मला पाणी देण्यात आले.

मग भाऊ म्हणाला, "ताई, विकायला नव्हतो नेत गं. तुझ्याच लेकीकडं नेत होतो." पतींनी त्यास दुजोरा दिला. ते म्हणाले, "गेल्या खेपेला आठ दिवस राहिलीस तिच्याकडं. पाचव्या दिवसापासून फाटकाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सायकली बघत होतीस. आता तर दोन महिने आहेत. म्हटलं, उद्या तू उतरशील तेव्हा ती दारात असावी." मी म्हणाले, "मग मला सांगायचंत." ते म्हणाले, "सांगितलं असतं तर मला चाक काढू दिलं असतंस?" दिले नसते, हे खरे आहे. काढून टाकण्याबद्दल विचारले असता ते म्हणाले, "ते तू लंगडत होतीस तेव्हा म्हणालो. आता कुठं लंगडतेस?"

मागचेच चाक का, असे हवालदारांनी विचारले. पती म्हणाले की पुढचे काढूनही कॅरिअर चार बोटे बाहेर राहतो व मोटारीचे दार लागत नाही. मागचे काढले तर लागते, हे त्यांनी रविवारी मी अंघोळीला गेले असता टेप लावून पाहिले होते. त्यांच्या खिशात स्वतःच्या अक्षरातला एक कागद मिळाला. त्यावर चाक काढण्याच्या सात पायऱ्या क्रमाने लिहिल्या असून शेवटी "बसवताना हेच उलट क्रमाने करावे" एवढेच लिहिले आहे. हवालदार म्हणाले, "साहेब, म्हणजे खालून वर वाचायचं का?" पती म्हणाले, "पुस्तकात तसंच होतं."

सायकलचे सर्व भाग जागेवर आहेत याची खात्री करून ती मला परत द्यायची असल्याने चाक बसवून दाखवावे, असे अंमलदारांनी सांगितले. पती "मी बसवतो" म्हणाले. ठाण्याच्या अंगणात सायकल उलटी करून त्यांनी तीनदा प्रयत्न केला. एकदा साखळी चाकाच्या बाहेरच राहिली. एकदा चाक तिरके बसून मडगार्डला घासू लागले. तिसऱ्यांदा सर्व नीट बसले, परंतु एक वॉशर हातात उरला. भाऊ म्हणाला, "भाऊजी, असू द्या, जास्तीचा असेल." तेव्हा मी पाना हातात घेतला.

मी साखळी आधी दात्यांवर चढवली, मग आस खाचेत सरकवला, चाक मागे ओढून साखळी अर्धा इंच हलेल एवढी ढिली ठेवली, चाक मधोमध आहे हे बोटाने पाहिले आणि दोन्हीकडचे नट थोडे थोडे करून आवळले. शेवटी ब्रेक जोडला. फिरवून पाहता चाक सरळ फिरले. तोपर्यंत आतले चार कर्मचारी व पासपोर्टच्या चौकशीसाठी आलेले एक गृहस्थ बाहेर येऊन उभे राहिले होते.

त्यानंतर सायकल तशीच मोटारीत मावणार नाही, ही बाब भावाने निदर्शनास आणली.

मी पाना पतींच्या हातात दिला, सरळ बाजूने. मी म्हणाले, "काढा. मग बसवा. मग पुन्हा काढा. तिकडं मी उद्या पोचणार, आज तुम्हांला तिथं कोण सांगणार आहे?" ते म्हणाले, "तू इथंच उभी राहा, बोलू मात्र नकोस." मी उभी राहिले. साखळी चुकीच्या बाजूने जात असताना मला बोलावेसे वाटले, पण बोलले नाही. त्यांनी ती स्वतःच पाहिली व काढून पुन्हा घातली. हवालदारांच्या घड्याळाप्रमाणे बसवायला अकरा मिनिटे लागली. चाक कोठेही घासले नाही. वॉशर उरला नाही. पतींनी चाक गरज नसताना आणखी तीन वेळा फिरवले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, ते कोण हे मी पाहिले नाही.

१२.२० वा. पती व भाऊ मोटारीने मुलीच्या गावी निघाले. चाक पतींच्या मांडीवर आहे. नट व वॉशर त्यांच्या वरच्या खिशात घालून मी बटण लावले आहे. मुख्याध्यापिका बाईंना मी फोन करून इसम सापडल्याचे व तो ओळखीचा निघाल्याचे कळवले आहे. सायकल चोरीला गेलेली नसून माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही. उद्या मी सकाळच्या पहिल्या बसने जाणार आहे.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितल्याबरहुकूम आहे, म्हणून खाली सही करते. सहीशेजारचा काळा ठसा माझ्याच अंगठ्याचा असून साखळीच्या तेलाचा आहे. ती खाडाखोड समजू नये.