कानाचा मिस्त्री

गाडीवाली : बंद नका करू. चालू राहू दे. आता माझ्या डोळ्यांत बघून सांगा मिस्त्री, आवाज येत नाही?

मिस्त्री : येतोय की. इंजिन आहे, आवाज येणारच. मुकं इंजिन अजून कुणी काढलेलं नाही.

गाडीवाली : तो नाही हो! वरून येतोय तो. टिक टिक टिक टिक. रेस दिली की धावत सुटतो. स्टँडवरचे ड्रायव्हर विचारतात, बाई, बोनेटखाली शिवणयंत्र ठेवलंय का?

मिस्त्री : या मॉडेलला असतोच थोडा.

गाडीवाली : त्या दिवशीही हेच म्हणालात. गाडी घ्यायच्या आधी तुमच्याकडे आणली, विचारलं, हे वर काय वाजतंय? तुम्ही हाच लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनवर टेकवलात, मूठ कानाला लावलीत, डोळे मिटलेत. समाधी लागल्यासारखे. आणि म्हणालात, लोण्यासारखं इंजिन आहे, डोळे झाकून घ्या. घेतली. डोळे झाकूनच.

मिस्त्री : मग चालतेय ना?

गाडीवाली : आजपर्यंत चालतेय. बारा वर्षं हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत लोकांच्या रक्ताच्या चादरी धुतल्या मी. ती नोकरी सोडून, साठवलेलं सगळं घालून ही गाडी घेतली. सोमवारपासून डायलिसिसचे तीन पेशंट आहेत माझ्याकडे, एक दिवसाआड. त्यातल्या एका आजींना परत येताना मानही धरवत नाही. गाडी मधेच बसली तर त्यांना फुटपाथवर निजवू? खरं सांगा, तो विकणारा तुमचा कोण लागतो?

मिस्त्री : कोणी लागत नाही. तोंड सांभाळून बोला.

मिस्त्रीण : काय झालं हो ताई? मघापासून आत ऐकतेय मी. अहो, सरका जरा. रेस द्या बघू थोडी. हं… अजून थोडी. हं.

गाडीवाली : तुम्ही काय बघताय वहिनी?

मिस्त्रीण : मी कसली बघतेय! उभी राहते आपली यांच्याजवळ. सवय.

मिस्त्री : टॅपेट आहे, व्हॉल्व्ह दाबणारा. तिसऱ्या सिलिंडरचा. ढिला झालाय.

गाडीवाली : वा रे वा! दोन मिनिटांपूर्वी 'असतोच थोडा', आणि आता थेट तिसऱ्या सिलिंडरचा पत्ता सापडला?

मिस्त्री : आता नीट ऐकलं.

गाडीवाली : कशानं? स्क्रूड्रायव्हर हातातच आहे तुमच्या, कानाला लावलाच नाहीत. आणि वहिनी, तुमचा हात कुठे होता? यांच्या पाठीवर. तीन बोटं टेकवलीत, मी बघितली. मला काय आंधळी समजलात? कसल्या खुणा चालल्यात नवराबायकोच्या? गिऱ्हाईक कुठून कापायचं, त्याच्या?

मिस्त्रीण : अगं बाई! कापतोय कोण? ताई, लबाड तो विकणारा. त्यानं जाड ऑइल ओतलं असणार. जाड ऑइलनं टॅपेटचा आवाज चार-आठ दिवस दबतो. त्या दिवशी आवाज नव्हताच, तर हे बिचारे काय करणार?

गाडीवाली : होता. नसता तर मी विचारलं कशाला असतं? आणि तुम्ही कुठे होतात त्या दिवशी? इथे नव्हतात तुम्ही. चांगलं आठवतंय मला.

मिस्त्रीण : मी… बहिणीचं ऑपरेशन होतं माझ्या. दोन दिवस तिकडे…

मिस्त्री : पुरे.

मिस्त्रीण : अहो, पण…

मिस्त्री : पुरे म्हणतो ना! जाड ऑइल वगैरे काही नव्हतं. डिपस्टिक ओढून मी स्वतः बघितलं होतं. आवाज असणार त्या दिवशीही. मला आला नाही.

गाडीवाली : आला नाही म्हणजे?

मिस्त्री : म्हणजे ऐकू आला नाही. तुमचं बोलणं येतं. हॉर्न येतो. इंजिनची घरघर येते. बारीक आवाज गेले. घड्याळ, पाखरं, टॅपेट. दोन वर्षं झाली. तीस वर्षं इंजिनात डोकं घातल्यावर दुसरं काय होणार?

गाडीवाली : आणि जग तुम्हाला कानाचा मिस्त्री म्हणतं!

मिस्त्री : म्हणूनच तर सांगवत नाही.

मिस्त्रीण : मी ऐकते ना ताई. पहिला, दुसरा, तिसरा, बोटांनी सांगते. बाकी सगळं हेच करतात, हात अजून सोन्याचे आहेत यांचे. पण तुमच्या पाया पडते, स्टँडवर बोलू नका. उद्यापासून एक गाडी दारात यायची नाही.

गाडीवाली : का नको बोलू? 'बाई, मला ऐकू येत नाही, दुसरीकडे दाखव,' एवढं म्हणायला जीभ झिजली असती? माझ्या बारा वर्षांचं पांघरूण करून तुम्ही तुमची अब्रू झाकलीत.

मिस्त्री : झाकली. जा, सांगा स्टँडवर. मी नाही म्हणणार नाही. पण आधी हा धरा.

गाडीवाली : स्क्रूड्रायव्हर? मी काय करू त्याचं?

मिस्त्री : टोक या झाकणावर, मूठ कानामागच्या हाडाला. माझ्यावर विश्वास नाही, हिच्यावर नाही. तुम्हीच ऐका. ओढणी आवरा, पंख्यात जाईल. हा पहिला.

गाडीवाली : काही विशेष नाही.

मिस्त्री : पुढे सरका. दुसरा.

गाडीवाली : हाही तसाच… आई गं! हा तर डोक्यात खिळे ठोकतोय.

मिस्त्री : तिसरा तो. करा बंद गाडी. थंड झाल्यावर उघडतो. गरम इंजिनवर टॅपेटचं माप खोटं येतं.

(तीन तासांनी. झाकण उघडून, माप घेऊन, पुन्हा बसवलेलं आहे. गाडी सुरू होते.)

मिस्त्रीण : गेला! साफ गेला. बघा ताई, कशी गरीब गाय झाली.

मिस्त्री : ताई, तुम्ही सांगा.

गाडीवाली : थांबा, लावून बघते… आहे. बारीक झालाय, पण आहे.

मिस्त्रीण : कुठे आहे? एवढासा तर कुठल्याही गाडीला असतो.

मिस्त्री : आहे की नाही?

मिस्त्रीण : अहो, म्हणजे… आहे म्हणण्याइतका काही…

मिस्त्री : दोन वर्षं तू 'गेला' म्हणालीस की मी बोनेट आपटून गाडी बाहेर सोडतोय. किती वेळा खरंच गेला होता?

गाडीवाली : मी बाहेर थांबते.

मिस्त्री : इथेच थांबा. विचारतोय मी हिला. किती वेळा?

मिस्त्रीण : परत इंजिन थंड व्हायची वाट बघायची, परत सगळं उघडायचं… तुम्ही इतके दमलेले असायचात हो.