ह्यांचं माउथपीस

...अहो, नाही कशाला म्हणू, छंद असावा की माणसाला! पण रिटायर झाल्यावर बाग करावी, हास्यक्लबात जाऊन हसावं... आमच्या ह्यांनी काय आणावं? क्लॅरिनेट! तुम्हाला सांगते, 'हूं' आणि 'बरं' या दोन शब्दांवर ज्या माणसानं आख्खा संसार केला, त्याला या वयात फुंकायची हौस! आणि आवाज कसला निघायचा? चींऽऽक! कोथरूडच्या सोसायटीत भिंती त्या केवढ्याशा. वरचा आमोद, खराडीच्या कंपनीचं काम घरूनच करतो, तो खाली आला. "काकू, सॉरी हं, पण मीटिंगमध्ये सगळे विचारतायत, तुमच्याकडे बदक पाळलंय का?" आता काय सांगू त्याला, बदक नाही रे बाबा, काका आहेत!

शेवटी ह्यांना क्लॅरिनेट शिकवणाऱ्या इंद्रजीत सरांनी वाद्याच्या टोकाचा तो काळा, चोचीसारखा तुकडा काढला, तोंडात धरतात ना तो, आणि उजेडाकडे धरून असा चेहरा केला, असा चेहरा केला, मी घाबरलेच! "काका, वाद्य उत्तम आहे. माउथपीस गेलंय. टोकाचा टवका उडालाय." गेलंय म्हणे! मला कळेना, हसू की सुतक पाळू! बोटभर ते माउथपीस, पण केवढं त्याचं प्रस्थ!

मग काय, वाद्यांच्या दुकानात वरात. सर, हे आणि मी. मी कशाला? तर ह्यांची वरची कवळी नवीन, तिची डबी माझ्या पर्समध्ये! दुकानदारानं काचेवर माउथपीस मांडली, सगळी काळी, सगळी सारखी, मला तर भरताची वांगी मांडल्यासारखी वाटली. पण सर एकेक उचलून सांगायला लागले, "काका, हे टोकाशी जास्त उघडं आहे, दम जास्त लागेल. हे अगदी मिटलेलं, आवाज बारीक होईल." अहो, कागदाच्या जाडीचा फरक, मला चष्मा लावूनही दिसेना!

ह्यांनी पहिलं लावलं. फूऽऽऽ... नुसती हवा. दुसरं लावलं, आवाज आला, पण सर्दी झाल्यासारखा. तिसऱ्याला ह्यांनी छाती भरून फुंकलं मात्र, आणि कवळी थडथडथड हलायला लागली! वरचे दात त्याच्यावर टेकवायचे असतात म्हणे. मी पर्स उघडून तयार! दुकानात सगळे वळून बघतायत, ह्यांचे कान लाल. वाद्य खाली ठेवलं आणि म्हणाले, "राहू दे. आपल्याच्यानं नाही व्हायचं."

तेवढंच बोलले. पण तो स्वर मला ठाऊक आहे. त्या 'राहू दे'नंतर ह्यांच्या कितीतरी गोष्टी कायमच्या राहून गेल्यात... मीच म्हटलं, "सर, काही उपाय?" सर म्हणाले, "आहे ना काकू." दात टेकतात तिथे रबराची पातळ चकती चिकटवली आणि म्हणाले, "हं काका, आता हे चौथं. जोर नको. नुसता श्वास सोडा."

ह्यांनी डोळे मिटले. आणि... काय सांगू तुम्हाला! एकच सूर. लांब, गोल, मऊ. शेजारी कोणी तबला ठोकून बघत होतं, त्याचा हात थांबला. मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. अंगावर काटा! हा आवाज ह्यांच्या आत होता? इतकी वर्षं? आणि तोंडातून यायचं काय, तर 'हूं'! बोटभर ते माउथपीस, पण केवढं त्याचं प्रस्थ!

आणि पुढचं ऐका. ह्यांनी वळून मला विचारलं, "मथुरा, तुला कोणतं आवडलं?" मला! अहो, फ्लॅट घेतला तेव्हा नाही विचारलं, फ्रीज घेतला तेव्हा नाही, माझी साडीसुद्धा स्वतःच घेऊन यायचे, तो माणूस मला विचारतोय! मी म्हटलं, "हेच." ते म्हणाले, "मग हेच."

घरी आल्यावर मी आपली मायेनं गरम पाणी घेऊन गेले, म्हटलं तोंडात घालायची वस्तू, जरा उकळून घेऊ. तर केवढ्यानं ओरडले, "मथुराऽऽ! गरम पाणी नाही! अख्खं कडक रबराचं असतं ते, हिरवट पडेल, वास मारेल!" एका दमात एवढी वाक्यं! आता वाजवून झालं की स्वतः उठतात, खालची बोरूची पट्टी, रीड म्हणतात तिला, ती सोडवतात, माउथपीस साध्या पाण्यात धुतात, मऊ फडक्यानं टिपतात, टोपण घालतात. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसं! आमची मुलं तान्ही होती तेव्हा हे कुठे होते, विचारू नका. मी दारात उभी राहून बघत बसते... बोटभर ते माउथपीस, पण केवढं त्याचं प्रस्थ!

पण एक झालंय हं. त्या दिवशी विचारलं ना, तेव्हापासून विचारायची चटकच लागलीय! मी फोडणीत मोहरी टाकते की आतून हाक, "मथुरा, ऐक, ही रीड बरी की मघाची?" मला दोन्ही सारख्याच! "दोन्ही छान," म्हटलं, तर म्हणतात, "तू नीट ऐकलं नाहीस, परत वाजवतो." परत वाजवतात. मी परत ऐकते. आमच्याकडे हल्ली रोज करपलेली आमटी असते... दोघंही छान झालीय म्हणतो आणि जेवतो!