अप्पांचे संपलेले पंप

तो संशोधनाचा पेपर मी छापायला का पाठवला नाही, ते आज सांगूनच टाकतो.

दम्याच्या पंपातून औषधाचे थेंब किती बारीक उडतात, हे मी सेक्टर तीसच्या लॅबमध्ये मोजतो. पंप संपत आला की फवारा बिघडतो, असा आमचा अंदाज होता. म्हणून मी वडिलांना म्हटलं, "अप्पा, संपलेले पंप टाकू नका, मला द्या."

ते दर महिन्याला आठवणीने द्यायचे. फवारा शेवटपर्यंत सुरेख येत होता. मी खूश होतो. त्याच हिवाळ्यात अप्पा आमच्या झिरकपूरच्या घरात चार पावलांत धापा टाकायला लागले. मी म्हणायचो, "इथली हवाच वाईट."

एक दिवस सहकारी गुरप्रीतने त्यांचा पंप काट्यावर ठेवला. "सरजी, ये तो आधा भरा है."

मागचेही तपासले. सगळे तसेच.

घरी येऊन विचारलं, तर अप्पा शांतपणे म्हणाले, "दोनदाच्या जागी एकदाच घेत होतो. रिकाम्या पंपात तू काय मोजणार?"

"अहो, पण तुम्हाला त्रास होत होता. बोलायचं नाही का?"

"रोज जेवताना तूच सांगायचास ना, रिझल्ट छान येतायत म्हणून."