सटवाजीचं माळवद

ऐका. आन ए, भिंतीकडं तोंड करून झोपायचं सोंग करू नको, तुलाच सांगतोय. रात्री-बेरात्री सटवाजीच्या रानातून फटफटी घालतोस म्हनं. शहाणाच हायेस!

माझा मामा, अंबादास. तवा तरणाताठा गडी. दिवेलागणीला मामीला कळा लागल्या. गावातली सुईण गेलेली लग्नाला. आता काय करावं? पलीकडच्या वाडीतून दुसरी आणायची. गाडीवाटंनं लई फेरा पडतो. मामा म्हनला, सटवाजीच्या रानातून जातो. मामी तसल्या कळांत म्हनली, "तिकडून नगं हो." ऐकतोय व्हय तो!

आता सटवाजी कोण, ते सांगतो. गावाशी भांडून त्यानं रानात घर बांधलं. पन काय घर बांधलं, बाबांनो! पांढऱ्या मातीच्या भिंती, चांगल्या दोन हात रुंद. भिंतीच्या पोटातच धान्याचं बळद. सागाच्या तुळया, त्यावर काटक्या, पाला, आन वर मातीचं सपाट छत, माळवद. उजेडाला छताला मधोमध भोक, सवणं, ठेवलेलं. भर उन्हाळ्यात आत गेलं की जीव गार व्हायचा. पन माळवदाला दरसाल पावसाआधी नवी माती चढवावी लागती. एकट्याचं काम न्हाई ते. एकानं खाली भरायचं, एकानं शिडीवरून द्यायचं, एकानं वर पसरायचं. म्हनून आपल्याकडं कुणाचंबी माळवद असू दे, आख्खी आळी धावती. टोपलं पुढं आलं की हात पुढं जातो. आन काम सरलं की घरधनी सगळ्यांना घुगऱ्या वाटतो.

सटवाजीची बायको गेली. त्याला म्हातारपण आलं. तवा पटका हातात घेऊन पारावर आला. म्हनला, "या रं कुणीतरी. माळवद गळाया लागलंय." जो तो म्हनला, उद्या येतो. गेलं कुणीच न्हाई. मग झड लागली. माळवद भिजून जड झालं आन एका रात्री खाली आलं. खाली सटवाजी झोपलेला. कसली माणसं रं आपण! सांगाया लाज वाटती.

तर मामा तिथं पोचला. बघतो तर काय, पडक्या घरात उजेड! भिंतीला शिडी लावलेली. आन आवाज आला, दमलेला. "पाव्हणं, एवढं टोपलं वर द्या हो."

आन मामानं घेतलं! सवयीचा हात, गेलाच पुढं. शिडी चढला. वर दिलं. वरून रिकामं आलं, खालून भरलेलं आलं. दिलं. पुन्हा आलं. दिलं. माती गार, वली. दर टोपलं मागच्याहून जड. मामा म्हनला, "मालक, घाई हाय. बायको अडलीया घरी."

"एवढंच द्या. मग जावा."

आणखी एक. आणखी एक. शेवटी मामानं वर बघितलं. दोन हात. नुसते हात! वर माणूसच न्हाई. खाली बघितलं, खालीबी तेच हात! टोपलं टाकावं तर बोटं सुटंनात. आन खालची माती चढत चढत मामाच्या गुडघ्यापर्यंत आलेली. पाय हलंना. मामा रडला, बाबांनो. घरी मामी तळमळतीया, आन हा हितं मातीत पुरला चाललाय!

आन कसं सुचलं देव जाणे, मामा ओरडला, "झालं हो मालक! थर बसला! घुगऱ्या आणा!"

सगळं थांबलं.

"झालं?"

"झालं."

"आता गळायचं न्हाई?"

"न्हाई गळायचं."

आवाज कसा हरखला! "बसा, बसा. चूल पेटवतो. लई वर्सांनी आलं बघा कुणी."

बोटं सुटली. माती सैल झाली. मामानं टाकली उडी आन जे पळत सुटला, ते सुईणीच्या दारातच थांबला. येताना गाडीवाटंनं आला. मामी सुखरूप सुटली, मुलगी झाली.

मी एकदा इचारलं, "मामा, भूत मागं लागलं व्हतं का?" मामा म्हनला, "न्हाई रं. दारात उभं राहून हाका मारत व्हतं. पाव्हणं, शिजत आल्यात. पाव्हणं, खाऊन तरी जावा."

म्हनून सांगतो, त्या वाटंला जायचं न्हाई. भिऊन पळालात तर बरंच हाय. पन ती हाक ऐकली की पाय थांबतो. मामाची घरी वाट बघत व्हतं कुणी, म्हनून तो सुटला. ज्याची वाट बघणारं कुणी न्हाई, तो बसंल तिथंच, घुगऱ्या खायला.